सोडवून आणलेली कुत्री खाईना झालीय, काय करावं?

राजहंसगडाखाली (धागाकर्ती), सोमवार रात्री

नमस्कार मंडळी. मी येळ्ळूरची. दिवाळीनंतर हत्तरगी टोलनाक्याच्या अलीकडे सर्व्हिस रोडला एक कुत्री लंगडत फिरताना दिसली. तांबूस रंग, उंच पाय, निमुळतं तोंड, कानात आणि बोटांच्या बेचक्यांत गोचिडांची रास. भावाने पोत्यावर बसवून गाडीतून घरी आणली. आम्ही तिला तांबी म्हणतो. वय दोन-तीन वर्षं असावं असं डॉक्टर म्हणाले. वजन १४ किलो.

पायाला मुका मार होता, तो बरा होत आलाय. रक्त तपासलं तर गोचीड ताप निघाला (एर्लिकिया), प्लेटलेट कमी होत्या. डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या महिनाभर सांगितल्यात. ताप उतरलाय, अंगणात फिरते, मला बघून शेपटीचं टोक हलवते.

पण खात नाही. आली तेव्हा चिकन-भात अधाशासारखा खाल्ला होता. गोळ्या सुरू झाल्या आणि हळूहळू सगळं सुटलं. गोळी चिकनच्या तुकड्यात घालून देतो. आता चिकन नुसतं पुढं केलं तरी ओठ चाटते, मान फिरवते आणि जिन्याखाली जाऊन बसते. दूधभात, अंडं, ग्लुकोज बिस्किट, दुकानातलं कुत्र्याचं कोरडं खाद्य, कशालाच तोंड लावत नाही. लावलंच तर दोन घास. पाणी मात्र पिते. काल रात्री शेजारच्या गोठ्यात म्हशीच्या आंबोणात (भिजवलेल्या खुराकात) तोंड घालून उभी होती, एवढंच काय ते खाण्याचं मन दिसलं.

डॉक्टर म्हणाले, धीर धरा. धरतोय. पण ताटली भरलेली तशीच उचलावी लागते तेव्हा जीव तुटतो. ज्यांनी अशी कुत्री सांभाळलीत त्यांनी कृपया लिहा.

तिसऱ्या_गेटजवळ

ताई, आधी एक सांगा: उलटी, जुलाब, काळी शी, नाकातून रक्त, हिरड्या पांढऱ्या, यातलं काही आहे का? असेल तर धाग्यावर थांबू नका, रात्री असली तरी डॉक्टरांना उठवा. मोठं कुत्रं एक दिवस जेवलं नाही तर चालतं, दोन दिवस अजिबात काही पोटात नाही म्हणजे दवाखाना. पाणी बंद झालं तर दोन दिवसही नाही. पिल्लाच्या बाबतीत तर अर्धा दिवस पुरे.

शिरवळ_ते_निपाणी

मी निपाणीचा, शिरवळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात शिकतो. अजून डॉक्टर झालेलो नाही, त्यामुळे औषध सांगणार नाही. तुमच्या डॉक्टरांना काय विचारायचं ते सांगतो.

तुमच्या वर्णनात मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती ओठ चाटण्याची गोष्ट. अन्न समोर आल्यावर ओठ चाटणं, सारखं गिळणं, तोंडाला पाणी सुटणं आणि मान फिरवणं, हे बऱ्याचदा मळमळीचं लक्षण असतं. भूक नाही असं नसतं, भूक असते पण पोटात ढवळतं. डॉक्सिसायक्लिन रिकाम्या पोटी गेली की मळमळ होते, हे माणसांतही होतं. कुत्रं खात नाही म्हणून गोळी रिकाम्या पोटी जाते, गोळीने ढवळतं, ढवळतं म्हणून आणखी खात नाही. हे चक्र तोडावं लागतं आणि ते लाडीगोडीने तुटत नाही. मळमळ थांबवणारं इंजेक्शन किंवा गोळी डॉक्टर देऊ शकतात. त्यांना फक्त ‘खात नाही’ असं न सांगता ‘अन्न बघून ओठ चाटते’ असं सांगा, शक्य असेल तर व्हिडिओ दाखवा.

दुसरं, चिकन. ज्या पदार्थानंतर पोट ढवळलं तो पदार्थ कुत्री पक्का लक्षात ठेवतात. गोळी चिकनमध्ये लपवली, तासाभराने मळमळ झाली, की तिच्या लेखी दोष चिकनचा. म्हणून तिचं रोजचं जेवण आणि गोळी या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. गोळीसाठी एक वेगळाच पदार्थ धरा, जो नंतर तिने सोडला तरी चालेल. गोळी कोरडी घशात ढकलू नका, अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम होते. मागोमाग थोडं पाणी किंवा ओला घास जायला हवा. दुधातून देऊ नका, कॅल्शियममुळे औषध कमी लागू पडतं.

तिसरं, एर्लिकियात कधी कधी मूत्रपिंडावरही परिणाम होतो, तोंडात व्रणही येऊ शकतात. पुढच्या रक्ततपासणीत क्रिएटिनिन बघायला सांगा आणि डॉक्टरांकडून दात-हिरड्या तपासून घ्या.

तोंड तुम्ही स्वतः उघडू नका. रस्त्यावरून आलेल्या कुत्रीला आधी कुणी चावलं होतं का हे आपल्याला ठाऊक नाही. रेबीजमध्ये जबडा लोंबतो, लाळ गळते, गिळता येत नाही, आवाज बदलतो. तांबीचं तसं काही दिसत नाही. पण ‘पाणी पिते म्हणजे रेबीज नाही’ हा आपल्याकडचा समज धरून चालू नका, कुत्र्यांना पाण्याची भीती वाटतेच असं नाही. तिचा दात लागला किंवा लाळ जखमेवर गेली तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी स्वतःची लस सुरू करा.

राजहंसगडाखाली

किती नीट सांगितलंत, दादा. उलटी-जुलाब नाहीत. हिरड्या फिकट गुलाबी आहेत, आल्यावर पांढऱ्या होत्या त्यापेक्षा बऱ्या. ओठ चाटण्याचा व्हिडिओ आत्ताच काढला, उद्या सकाळी दाखवते.

गडहिंग्लजचा_बाळू

सिरिंज घ्या, पेज करा आणि गालातून सोडा. आमच्या कुत्र्याला असंच जगवलं होतं.

शिरवळ_ते_निपाणी

बाळूदादा, डॉक्टरांनी दाखवून दिलं असेल तर गोष्ट वेगळी. एरवी मी याच्या विरोधात आहे. धडपडणाऱ्या कुत्रीच्या तोंडात पेज सोडली की ती श्वासनलिकेत जाऊ शकते आणि त्यातून न्यूमोनिया होतो. शिवाय ती नुकती माणसांच्या हाताला सरावतेय. धरून भरवलं की हात आणि ताटली दोन्हींची भीती बसते. फारच वेळ आली तर डॉक्टर नळी घालून भरवतात, त्याला मार्ग आहेत.

गडहिंग्लजचा_बाळू

बरं. मुद्दा पटला. आमचं पिल्लू होतं, ते धडपडत नव्हतं.

मलप्रभाकाठ

अक्का, मी खानापूरचा, साठीचा माणूस. जन्मभर घरात, शेतात कुत्री. तुमच्या लिहिण्यातली म्हशीच्या आंबोणाची गोष्ट कुणी धरली नाही, ती मी धरतो.

उंच पाय, निमुळतं तोंड, तांबूस रंग आणि हत्तरगीची वाट. सुगीनंतर त्या भागात धनगरांची मेंढरं शेतात बसवायला येतात. रात्री कळप रानात बसतो, लेंडीचं खत होतं, शेतकरी धान्य-पैसे देतो आणि कळप पुढं सरकतो. त्यांच्याबरोबर अशी कुत्री असतात. एखादं गाडीचा धक्का लागून मागं राहतं. तुमची तांबी त्यातलीच आहे असं मी छातीठोक सांगत नाही, पण तशी असेल तर तिने जन्मात स्टीलची ताटली बघितलेली नाही, आणि कोरडं खाद्य हे खाणं आहे हेही तिला ठाऊक नाही. त्या कुत्र्यांना काय मिळतं? जोंधळ्याची भाकरी नाहीतर नाचण्याची, शिळी, ताकात नाहीतर पाण्यात कुस्करलेली. दगडावर नाहीतर जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या थाळीत. आणि तीही सगळ्यात शेवटी, माणसं जेवून उठल्यावर, अंधारात. तुमची कुत्री रात्री गोठ्यात गेली ती वासाला गेली. जनावराचा वास, भुश्श्याचा वास, ओलं पीठ. तिला ते घर वाटलं.

तेव्हा एक करून बघा की ओ. घरची मंडळी जेवून झाल्यावर, परसात गोठ्याच्या बाजूला, जमिनीवर एक पसरट थाळी ठेवा. जोंधळ्याची शिळी भाकरी कुस्करा, वर कोमट पातळ ताक, मीठ नको. ठेवा आणि आत या. दारातून बघत बसू नका. कुत्रं जेवताना माणसानं डोळ्यात डोळा घालून बघितलं की त्याला ती दमदाटी वाटते. थांबायचंच असेल तर कडेला पाठ करून बसा. पंधरा-वीस मिनिटांनी थाळी उचला, खाल्लेलं असो नसो. दिवसभर पुढं ठेवून राहिलेल्या अन्नाची किंमत जाते आणि माश्या बसतात त्या वेगळ्या.

शिरवळ_ते_निपाणी

काका, हे आमच्या वर्गात कुणी शिकवत नाही. मनापासून आभार. दोनच गोष्टी जोडतो. ताक आणि गोळी यांत निदान दोन तासांचं अंतर ठेवा, कारण वर सांगितलं तेच, कॅल्शियम. आणि म्हशीच्या आंबोणात सरकी पेंड असेल तर तिला तिथून लांब ठेवा, सरकीतलं गॉसिपॉल कुत्र्यांना बाधतं.

चिकोडीची_सून

ताई, तुम्ही टाकलेला फोटो बघितला. मला तर ती मुधोळ मिश्र वाटते. आमच्या सासऱ्यांकडे दोन होती. मुधोळ इथून लांब नाही, बागलकोट जिल्ह्यात. तिथल्या मालोजीराव घोरपडे राजांनी ही जात जोपासली, तिकडे महाराष्ट्रात हिलाच कारवान म्हणतात. २००५ मध्ये हिचं पोस्टाचं तिकीटही निघालंय. मुधोळजवळ तिम्मापूरला बिदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं श्वान संशोधन केंद्र आहे.

हे सांगायचं कारण असं की ही कुत्री अंगानं मुळातच कडक आणि सडपातळ. शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसणं, कंबर आत गेलेली असणं हे यांच्यात निरोगीपणातही असतं. लॅब्राडोरशी तुलना करून ती उपाशी दिसते म्हणून घाबरू नका. पाठीच्या मणक्याची टोकं आणि कमरेची हाडं हाताला टोचत असतील, मांडीवरचं मांस गेलं असेल, तर मात्र ती खरीच खंगलीय. दर आठवड्याला एकाच काट्यावर वजन घ्या, डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. आणि स्वभावानं फार हळवी असतात. परक्यानं डोक्यावरून हात फिरवलेला आमच्या दोघींना शेवटपर्यंत आवडला नाही.

शहापूरची_मावशी

मटणाचं अळणी पाणी दे गं तिला. आजारी माणूस उठून बसतं त्यानं. भाकरीवर ओत आणि बघ.

तिसऱ्या_गेटजवळ

मावशी, कल्पना छान, पण आपल्या अळणीत कांदा, लसूण, आलं ठेचून घातलेलं असतंच. कांदा-लसूण कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. शिजवून, वाळवून, पावडर करून, कसाही असला तरी विषारीच. हिला आधीच गोचीड तापानं रक्त कमी. रश्श्यातला तुकडा धुऊन दिला तरी मसाला आत मुरलेला असतो. म्हणून घरच्या जेवणातून काढून ठेवायचं नाही, तिचं वेगळं शिजवायचं. हाडं पाण्यात उकळा, पाणी गाळून घ्या, मीठही नको, आणि हाडं टाकून द्या. शिजलेलं हाड तुटून टोकदार होतं आणि आतड्यात घुसतं.

शहापूरची_मावशी

अगं बाई, हे नव्हतं माहीत. मग नुसतं हाडांचं पाणी दे, कोमट करून. वास सुटला पाहिजे.

शिरवळ_ते_निपाणी

कोमट हे मावशींचं अगदी बरोबर. फ्रिजमधून काढलेल्या अन्नाला वास नसतो आणि कुत्रं आधी नाकानं जेवतं. मनगटावर टाकून बघा, भाजता कामा नये. वर चिकट तेलकट थर आला असेल तर गार करून काढून टाका, आजारी पोटाला जास्त चरबी नको.

राजहंसगडाखाली, गुरुवार सकाळी

बातमी आहे. डॉक्टरांनी व्हिडिओ बघितला, मळमळीचं इंजेक्शन दिलं, आता जेवणाआधी त्याचीच गोळी सांगितलीय. परवाची रात्र काही नाही. काल रात्री, काका, तुम्ही सांगितलं तसं. आईनं आजोबांच्या वेळची जर्मनची थाळी काढली. शिळी भाकरी, वर ताक. मी ठेवून आत आले, दिवा मालवला. आधी काहीच आवाज नव्हता. मग थाळी फरशीवर सरकल्याचा आवाज. बाहेर गेले तर थाळी स्वच्छ आणि तांबी पायरीवर बसून पंजे चाटत होती.

आई रडली. मी पण.

आता प्रश्न असा की भाकरी-ताकावर तिचं भागेल का? लगेच पोटभर देऊ का?

मलप्रभाकाठ

शाब्बास पोरी. आईला नमस्कार सांग.

शिरवळ_ते_निपाणी

फार बरं वाटलं वाचून. पण लगेच पोटभर नको. बरेच दिवस उपाशी राहिलेल्या शरीराला एकदम भरपूर अन्न दिलं तर रक्तातले फॉस्फरस, पोटॅशियमसारखे क्षार झपाट्यानं खाली येतात आणि ते जिवावर बेतू शकतं. ती अगदी निराहार नव्हती, तरी सावध राहिलेलं चांगलं.

विश्रांतीच्या अवस्थेत कुत्र्याला किती लागतं याचा ढोबळ हिशेब: वजनाला ३० ने गुणा, ७० मिळवा. १४ किलोला ४९० कॅलरी. पहिल्या दिवशी याच्या पाव हिस्सा, मग चार दिवसांत वाढवत पूर्ण, आणि तेही चार-पाच छोट्या जेवणांत. अंदाजासाठी, उकडलेलं अंडं साधारण ७० कॅलरी, १०० ग्रॅम शिजलेला भात १३० च्या आसपास. वजन वाढायला लागल्यावर यापेक्षा जास्त लागेल, ते डॉक्टरांबरोबर ठरवा.

भाकरी-ताक हे दार उघडण्यासाठी. त्यावर कायम भागणार नाही, प्रथिनं कमी पडतात आणि हिला तर रक्त भरून काढायचंय. त्याच भाकरीत आधी चमचाभर कुस्करलेलं अंडं घाला. ते तिनं स्वीकारलं की थोडं वाढवा. चिकन सध्या विसरा, दोन-तीन आठवड्यांनी दुसऱ्या रूपात, म्हणजे खिमा करून भाकरीत मिसळून, पुन्हा दाखवा. काळीज आठवड्यातून एखाद्या वेळी थोडंसं, रोज नको, त्यात जीवनसत्त्व अ फार असतं. पुढे महिनोन्महिने घरचंच देणार असाल तर कॅल्शियमची भर घालावी लागते, नुसत्या मांस-भातात ते नसतं. किंवा आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवत कोरडं खाद्य भिजवून भाकरीत मिसळा.

गडहिंग्लजचा_बाळू

बिस्किटं बंद करा ताई. मधेमधे बिस्किट मिळतंय म्हटल्यावर कोण जेवतंय?

राजहंसगडाखाली, रविवार

पुन्हा थोडं मागं गेलंय. काल घरी पाहुणे होते, लहान मुलं, फटाके उरलेले ते उडवले. तांबी दिवसभर जिन्याखाली. रात्री थाळीकडे आली, वास घेतला, परत गेली. आज सकाळी माझ्या तळहातावरून दोन घास घेतले. तळहातावरून भरवणं बरोबर आहे का? सवय लागेल असं शेजारी म्हणतात.

तिसऱ्या_गेटजवळ

घाबरलेल्या कुत्रीचं पोट आधी बंद होतं, हे एका दिवसाचं आहे. पाहुण्यांना सांगा, जिन्याखाली वाकून बघायचं नाही, हाक मारायची नाही. ती जागा तिची. तळहातावरून खुशाल द्या, पण हात थाळीत ठेवून. दोन घास हातावरून, पुढचे हाताशेजारून, मग हात काढून घ्या. माझ्याकडच्या काळूचं असंच सुटलं. सवयीची चिंता पोट भरल्यावर.

सोडवून आणलेल्या कुत्र्यांबद्दल एक ठोकताळा सांगतात: पहिले तीन दिवस नुसती भीती, तीन आठवड्यांत घराची रीत कळते, तीन महिन्यांत घर आपलं वाटतं. प्रत्येकीला लागू पडेल असं नाही, पण पाहुण्यांना समजावून सांगायला बरा.

चिकोडीची_सून

आणि थाळीखाली गोणपाट घाला. फरशीवर पाय घसरले आणि थाळी सरकली की आमची एक जेवण सोडून पळायची.

राजहंसगडाखाली

गोणपाट घातलं. पाहुणे गेले. रात्री परत भाकरी, अंडं, हाडांचं पाणी, अर्धी थाळी संपवली. आईनं तिच्यासाठी जोंधळ्याची वेगळी भाकरी टाकायला सुरुवात केलीय.

राजहंसगडाखाली, दोन आठवड्यांनी

उशिरा लिहितेय, माफ करा. तांबी दोन्ही वेळ जेवते. वजन १५ किलो ४०० ग्रॅम. खिमा भाकरीत लपवून नाही, सांगून दिला, म्हणजे आधी हुंगायला दिला, आणि तिनं खाल्ला. औषधाची गोळी गुळाच्या मऊ शिऱ्याच्या गोळ्यात देते, दुसऱ्या कशातही नाही. डॉक्सिसायक्लिन अजून काही दिवस आहे. प्लेटलेट वाढल्यात पण अजून सामान्य नाहीत, क्रिएटिनिन ठीक आहे.

आता विचारायचं ते लशीचं आणि नसबंदीचं. गल्लीतले कुत्रे फाटकाशी येऊ लागलेत. लगेच करून घेऊ का?

शिरवळ_ते_निपाणी

वजन वाचून हॉस्टेलच्या खोलीत सगळ्यांना ओरडून सांगितलं.

नसबंदी लगेच नको. एर्लिकियात प्लेटलेट कमी असतात, शस्त्रक्रियेत रक्त थांबायला अडचण येते. गोळ्यांचा कोर्स पूर्ण होऊ द्या, त्यानंतर रक्त तपासून प्लेटलेट सामान्य आल्या की डॉक्टर तारीख देतील. तोवर फाटक बंद आणि फिरायला नेताना पट्टा. रेबीजची लस कधी द्यायची ते याच भेटीत विचारा, ती फार लांबवू नका. आणि गोचिडांचं औषध दर महिन्याला चालू ठेवा, अंगावर आणि तिच्या गोणपाटावरही लक्ष ठेवा. गोचीड भिंतीच्या फटीत अंडी घालते, जिन्याखालची जागा एकदा रिकामी करून फटी बुजवून घ्या.

मलप्रभाकाठ

जिन्याखालचं काम करताना तिला त्या दिवशी गोठ्याकडे बांधा, अक्का, म्हशीच्या शेजारी. आंबोणाची बादली तेवढी उचलून ठेवा.